पटकीला लोक मरीआईचा कोप म्हणायचे, तेव्हा गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरायचे

यवतमाळ जिल्ह्यात दक्षिणेच्या बाजूला झरी जामणी तालुका आहे. खाली पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की तेलंगणा लागतं. गोंड आणि कोलाम आदिवासींची वस्ती असलेला हा भाग. कोलामांच्या वस्तीला इथं पोड म्हणतात.

या तालुक्यातल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं बीए, बीएस्सी केलं की डिग्रीवर विद्यापीठाचं नाव येतं, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ज्या माणसाला कधी धड शाळा मिळाली नाही, त्याच्या नावानं पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांतली पोरं पदवीधर होतात.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. शाळेत जयंतीला भाषण केलेलं असतं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फोटो पाहिलेला असतो. पण हा माणूस आयुष्यभर झाडत का राहिला, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

त्याचं उत्तर शोधायचं तर त्या काळात माणसं कशानं मरत होती, ते आधी बघावं लागतं.

जन्म १८७६ चा

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथं झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी. जात परीट, म्हणजे दुसऱ्यांचे मळके कपडे नदीवर नेऊन धुणं हे पिढ्यानपिढ्यांचं काम.

गंमत बघा, त्याच वर्षी तिकडं जर्मनीत रॉबर्ट कॉख नावाच्या डॉक्टरनं जनावरांना होणारा अँथ्रॅक्स हा रोग एका विशिष्ट जंतूमुळं होतो, हे दाखवून दिलं. एक जंतू आणि त्यानं होणारा एक रोग, ही गोष्ट जगाला पटायला इथून सुरुवात झाली. याच कॉखनं १८८२ साली क्षयरोगाचा जंतू शोधला. पुढं १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं.

पण ही बातमी वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत यायला कितीतरी वर्षं जायची होती.

डेबूजी लहान असतानाच वडील गेले. दारूनं घर आणि माणूस दोन्ही संपवलं होतं. आई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरी इथं. डेबूजी मामाची गुरं राखायला लागला, मोठा झाल्यावर नांगर धरला. सावकारानं मामाची जमीन कशी गिळली, तेही त्यानं जवळून पाहिलं.

आता हा भाग म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. इथं विहीर खणली तर पाणी खारं लागतं. मग माणसं पिण्यासाठी नदी, नाला, तळं यांच्यावर अवलंबून राहतात. त्याच पाण्यात गुरं बसतात, तिथंच अंघोळी होतात, तिथंच कपडे धुतले जातात आणि काठावर लोक शौचाला बसतात.

पटकीला यापेक्षा सोयीची जागा मिळणार नाही.

पटकी पसरायची कशी?

पटकीचा जंतू आजारी माणसाच्या जुलाबावाटे बाहेर पडतो. तो पाण्यात गेला आणि ते पाणी दुसऱ्यानं प्यायलं की तो दुसरा आजारी पडतो. माशा बसलेलं अन्न, न धुतलेले हात, रुग्णाचे कपडे ज्या पाण्यात धुतले ते पाणी, हेही त्याचेच रस्ते. शरीरातलं पाणी आणि क्षार इतक्या झपाट्यानं निघून जातात की सकाळी चालता बोलता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर गंभीर रुग्णांपैकी निम्मे दगावू शकतात.

टायफॉइड म्हणजे विषमज्वर, हगवण, दूषित पाण्यातून होणारी कावीळ आणि पोलिओ ही सगळी मंडळी याच वाटेनं येतात. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या तोंडात, अशी ही साखळी आहे. ऐकायला घाण वाटतं, पण वाट तीच आहे.

तेव्हाच्या खेड्यांतला समज वेगळा होता. पटकी आली म्हणजे मरीआई कोपली. मग बकरं, कोंबडं कापायचं, नवस बोलायचे, देवीचा गाडा सजवायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. आपली पीडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलली की गाव सुटलं, असं मानायचे. तिथून पुढचं गाव तो गाडा त्याच्या पुढच्या गावाकडं ढकलायचं.

रोग गावोगाव फिरतो हे लोकांना कळलेलं होतं. फिरतो कशावर बसून, एवढंच कळलेलं नव्हतं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं राज्यभर पसरला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडानंही सोसला. दुष्काळात पाणी आटतं, उरलेल्या डबक्यावर सगळे तुटून पडतात, पोटात अन्न नसल्यानं अंगात ताकद नसते, आणि मग साथ आली की माणसं पटापट जातात. डेबूजी तेव्हा चोविशीतला तरुण होता.

घर सोडलं, खराटा धरला

डेबूजीचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. मुलगी झाली. बारशाला भावकीला दारू आणि मटण द्यायची रीत होती. डेबूजीनं ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी नाराज झाली. वडिलांना दारूत जाताना पाहिलेल्या माणसानं मात्र ऐकलं नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर फाटकी गोधडी, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्यातच भाकरी घ्यायची, त्यातच खायची, तेच डोक्यावर पालथं घालायचं. कुणी गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकलं.

घर सोडणारे साधू आपल्याकडं कमी नाहीत. पण बहुतेक जण हिमालयाकडं किंवा एखाद्या मठाकडं जातात. हे गृहस्थ गावाच्या गटाराकडं गेले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरले की कुणाला काही न सांगता झाडायला लागायचे. रस्ता, देवळापुढचं पटांगण, तुंबलेली गटारं, पाणवठ्याभोवतीचा चिखल. लोकांना वाटायचं कुणीतरी वेडा आलाय. पोरं मागं लागायची. कुणी भाकरी दिली तर बाबा आधी काम करणार आणि मगच ती घेणार. फुकटचं खायचं नाही, हा नियम.

दिवसभर झाडून झालं की संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. सकाळी ज्याला वेडा समजलो, तो बुवा हाच, हे तेव्हा गावाला कळायचं.

कीर्तनही वेगळंच. अस्सल वऱ्हाडी बोली आणि प्रश्न विचारायची सवय. बाबा समोरच्या माणसांना एकामागून एक साधे प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. देवाच्या नावानं मुकं जनावर कापायचं कशाला, कर्ज काढून सण कशाला करायचा, दारू कशाला प्यायची, पोराला शाळेत का घालत नाही, माणसाला शिवून विटाळ कसा होतो. तुकोबांना ते गुरू मानायचे. स्वतःचा मात्र एकही शिष्य केला नाही.

मरीआईपुढं बकरं कापणाऱ्या गावात उभं राहून हे बोलणं सोपं नव्हतं. साथीत घरातलं माणूस जात असताना नवस बोलू नका असं सांगणाऱ्याचा राग येणारच. पण बाबा फक्त बोलून थांबत नव्हते. बोलण्याआधी त्यांनी त्या गावाची घाण स्वतःच्या हातानं उचललेली असायची. त्यामुळं लोक ऐकून घ्यायचे.

ऋणमोचन ते पंढरपूर

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठावर ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात इथं जत्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा, लोक घसरून पडायचे. बाबांच्या कामाची खरी सुरुवात इथं झाली. त्यांनी स्वतः राबून आणि लोकांना कामाला लावून काठ नीट केला, पुढं घाट बांधून घेतला. जत्रेत येणाऱ्या आंधळ्या, पांगळ्या, महारोगी माणसांना ते जेवू घालायचे.

महारोग, म्हणजे कुष्ठरोग. त्या काळी या रुग्णाची सावलीही नको असायची. घरचे त्याला बाहेर काढायचे. हा रोग सहजासहजी पसरत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळ, अगदी जवळच्या सहवासात राहिलं तरच त्याची लागण होण्याची शक्यता असते, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड द्यायची ताकद असतेच. शिवल्यानं, सोबत जेवल्यानं तो होत नाही. पुढं १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा व्हायला लागला. झरी जामणीच्या शेजारच्या वणीहून वरोऱ्याला गेलं की बाबा आमट्यांचं आनंदवन लागतं, तेही याच कामातून उभं राहिलेलं.

गाडगेबाबांच्या काळात यातलं काहीच हाताशी नव्हतं. तरी ते या माणसांमध्ये बसायचे, त्यांना वाढायचे.

ऋणमोचनपेक्षा कितीतरी मोठं काम पंढरपूरला होतं. आषाढी म्हणजे ऐन पावसाळा. लाखो माणसं एका छोट्या गावात उतरतात, त्याच चंद्रभागेत अंघोळ करतात, तेच पाणी पितात. राहायला जागा नाही आणि शौचाला वाळवंट. एका गावातून आलेला एक आजारी वारकरी पुरेसा असायचा. वारी संपली की लोक आपापल्या गावी जायचे आणि सोबत पटकी घरी न्यायचे. त्यामुळंच इंग्रज सरकार यात्रा म्हटलं की धास्तावायचं, आणि साथीच्या काळात यात्रांवर बंधनं घालायचं.

बाबा वारीला जायचे, पण त्यांचा मुक्काम वाळवंटात असायचा. खराटे घेतलेली माणसं सोबत. लोक देवळात विठ्ठलाच्या दर्शनाला रांग लावायचे आणि बाबा बाहेर झाडायचे.

पण झाडून किती पुरणार? उद्या पुन्हा तितकीच घाण होणार. म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधायला घेतल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा तीर्थांच्या ठिकाणी त्या उभ्या राहिल्या.

धर्मशाळा म्हणजे आपल्याला नुसती झोपायची जागा वाटते. साथरोगाच्या नजरेतून पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. डोक्यावर छप्पर आलं की माणूस पावसात भिजत चिखलात झोपत नाही. पाण्याची सोय झाली की डबक्यातलं पाणी पीत नाही. राहायची जागा ठरली की स्वच्छतेचे नियम लावता येतात.

पंढरपूरला १९१७ साली बाबांनी बांधलेल्या धर्मशाळेला नाव दिलं चोखामेळ्याचं. ज्यांना तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी ती होती. पुढं १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

खराट्याला न जुमानणारे रोग

स्वच्छतेनं सगळे रोग थांबतात, असं नाही. १९१८ साली हे भयानक पद्धतीनं दिसलं.

त्या वर्षी इन्फ्लुएंझाची जगभर साथ आली. भारतात १ कोटीहून जास्त माणसं गेली. आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड सगळ्यात जास्त फटका बसलेल्या भागांत होता. हा रोग पाण्यातून येत नव्हता. खोकला, शिंक, बोलताना उडणारे तुषार आणि बंद खोलीतली हवा यातून तो येत होता. गोवर आणि क्षयरोगही श्वासावाटेच पसरतात. इथं रस्ता झाडून भागत नाही. हवा खेळती ठेवणं, तोंडावर कापड धरणं, लस आणि औषध हाच उपाय.

हिवतापाची वाट आणखी वेगळी. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. म्हणजे जंगल, नाले आणि साचलेलं पाणी असलेल्या भागात मुख्य लढाई डासाशी. इथं मात्र तुंबलेलं गटार मोकळं करणं, डबकं बुजवणं उपयोगी पडतं. त्यातही मेख आहे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंगण आरशासारखं झाडलेलं असलं आणि मागं रांजण दोन आठवडे उघडा पडलेला असला, तरी डेंग्यू येऊ शकतो.

२०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसनं लोकांना घाबरवलं होतं. तो झुडपांत, वाढलेल्या गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. रेबीज कुत्रा चावल्यानं, लेप्टो उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून.

म्हणजे रोग कोणता हे कळण्याइतकंच तो कोणत्या वाटेनं आला, हे कळणं महत्त्वाचं. वाट कळली की तिथं अडवता येतं.

गाडगेबाबांना जंतूशास्त्र माहीत होतं असा दावा करायची गरज नाही. त्यांची प्रेरणा माणुसकीची होती. देव देवळात नाही, माणसात आहे, असं ते सांगायचे. मग त्या माणसाला घाणीत कसं ठेवायचं, हा त्यांचा साधा हिशोब. पण जी जागा त्यांनी निवडली, ती विष्ठा, पाणी आणि तोंड यांच्या मधली होती. माणसं सगळ्यात जास्त फुकट जात होती, ती तिथंच.

दवाखान्याच्या दारातली माणसं

१९२३ साली बाबांचं कोकणात खारेपाटण इथं कीर्तन सुरू होतं. तिथं त्यांना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी मिळाली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही.

संस्थांसाठी लाखो रुपये जमवणाऱ्या या माणसाचं कुटुंब झोपडीत राहिलं. मिळालेला पैसा शाळा, वसतिगृहं, गोरक्षण, धर्मशाळा यात जायचा. १९५२ मध्ये या सगळ्या कामासाठी गाडगे महाराज मिशन सुरू झालं.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचं लक्ष मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयाकडं गेलं. खेड्यातला माणूस रुग्णाला घेऊन मुंबईला यायचा, रुग्ण वॉर्डात आणि नातेवाईक फुटपाथवर. तिथंच झोपायचं, तिथंच खायचं. रुग्ण बरा होऊन बाहेर पडेपर्यंत सोबतचा माणूस आजारी. १९५४ च्या सुमारास बाबांनी या नातेवाइकांसाठी जे. जे. जवळ धर्मशाळा उभी केली. आजही यवतमाळ, गडचिरोलीकडून मुंबईला उपचाराला जाणाऱ्या गरीब कुटुंबांचा मोठा प्रश्न तोच असतो, राहायचं कुठं?

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा स्वतः थकलेले होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडं नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे.

मागं काय राहिलं?

बाबा गेल्यावर पंधरा वर्षांनी पटकीवरचं सगळ्यात स्वस्त हत्यार कसाला लागलं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांचं मिश्रण लोकांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३ टक्क्यांच्या घरात आलं. तेच आजचं ओआरएस. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घरीही करता येतं. त्यासाठी चहाचा छोटा चमचा घ्यायचा, आणि मीठ जास्त होऊ द्यायचं नाही.

२०००-०१ मध्ये तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. गावागावांत चढाओढ लागली. लोक स्वतः रस्त्यावर उतरले, शोषखड्डे खणले, संडास बांधले. बाबांचीच पद्धत सरकारनं उचलली होती, गावानं स्वतःचं गाव झाडायचं.

अडचण अशी की स्पर्धा संपली, बक्षीस मिळालं की अनेक ठिकाणी खराटा कोपऱ्यात जातो. संडास बांधला जातो, पण पाणी नसलं की त्यात सरपण ठेवलं जातं. आणि गटारात उतरायची वेळ आली की अजूनही ठरावीक जातीतल्या माणसालाच हाक मारली जाते.

गाडगेबाबांनी इथंच सगळ्यात मोठा घाव घातला होता. घाण करणारे आपण सगळे आणि उचलणारा मात्र दुसरा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. कीर्तन ऐकायला आलेला पाटील असो वा मजूर, बाबा त्याच्या हातात खराटा द्यायचे.

पटकीचा जंतू माणसाची जात बघून पाण्यात उतरत नाही. वस्तीच्या एका टोकाला घाण राहिली तर तिचं पाणी पावसात दुसऱ्या टोकाच्या विहिरीत जातं. झरी जामणीतल्या एखाद्या पोडावरची विहीर असो की शहरातल्या सोसायटीची टाकी, नियम तोच. यंदा पहिला पाऊस पडायच्या आत आपल्या पिण्याच्या पाण्याभोवती काय साचलंय, एवढं प्रत्येकानं जाऊन बघितलं, तरी साथीचा मोठा रस्ता बंद होतो. बाबा गावात शिरले की सुरुवात तिथूनच करायचे.